त्रेचाळीस नंबरचं बीजगणित

परवा तळेगाव ढमढेरेच्या बाजारात उसाचा रस पिता पिता तो माझ्या नाकातून बाहेर आला. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला भर बाजारात हे शोभत नाही, कबूल. पण दोष माझा नव्हता, समोरच्या फ्लेक्सचा होता. रसवंतीच्या बरोब्बर तोंडासमोर पक्षानं तो लावलेला. वर थोरल्या पुढाऱ्यांचे पाच चेहरे, खाली धाकट्यांचे बारा, आणि या सतरा चेहऱ्यांमधून जी काही जागा उरली होती तिच्यात लिहिलेलं : ‘इंटरनेटवर सर्वांना समान वाट. नेट न्यूट्रॅलिटीबाबत पक्षाची ठाम भूमिका.’

फ्लेक्सखाली एक तरुण कार्यकर्ता गॉगल पुसत उभा होता. मी त्याला विचारलं, बाबा रे, हे नेमकं काय असतं? त्यानं मोठ्या मायेनं समजावलं. मोठमोठ्या कंपन्यांना म्हणे स्वतःच्या साइट पळवायच्या आहेत आणि दुसऱ्यांच्या रखडवायच्या आहेत. तार एकच, पण तिच्यावरून कोण धावणार आणि कोण लंगडणार ते कंपनी ठरवणार. “आपला पक्ष हे खपवून घेणार न्हाई, काका. पहिल्यापासनं आपली भूमिका क्लिअर हाय.”

‘पहिल्यापासनं’ हा शब्द आला आणि रस नाकात गेला.

त्या पोराला बोल लावण्यात अर्थ नव्हता. तो त्या काळी पाळण्यात असेल. आणि भूमिकेबद्दल माझी कधीच तक्रार नसते. गॅदरिंगपासून गणपतीपर्यंत नाटकांत कामं केलेला माणूस मी. भूमिका तोंडाला रंग लावून करायची असते आणि पडदा पडला की खोबरेल तेलानं पुसून टाकायची असते, हे मला पक्षाच्याही आधीपासून ठाऊक आहे.

हा मोसमही नेमका तोच. मार्च लागला की आमच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्याला एक वेगळाच वास सुटतो. शेतात उपटून ठेवलेल्या कांद्याचा, ट्रॉलीतून सांडून टायरखाली चिरडलेल्या उसाचा, आणि दुकानात नव्यानं आलेल्या गाइडांच्या शाईचा. पिंपळाची पानं गळून एसटी स्टँडवर वाऱ्यानं गोल गोल फिरत असतात. पोरं गच्चीवर, गोठ्यात, विहिरीच्या कठड्यावर बसून पाठांतर करतात आणि त्या सगळ्यांच्या पुटपुटण्याचा मिळून एक आवाज गावावर दिवसभर तरंगतो, मोहोळ उठण्याआधी येतो तसा. घरोघर नवरा-बायको दबक्या आवाजात भांडतात. लोकांना वाटतं ऋतू तीन आहेत. आमच्याकडं चौथा आहे, दहावीचा. त्यात ऊन वाढतं आणि माणसं हळू बोलतात.

फक्त पुढाऱ्यांना हळू बोलता येत नाही. सगळी गोष्ट तिथूनच सुरू झाली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावात इंटरनेट नव्हतं, मोबाइल नव्हता, पण तार होती. चंदूशेठची केबल. पिठाच्या गिरणीच्या मागच्या खोलीत चंदूचा सगळा कारभार चालायचा. वर पत्र्यावर तीन छत्र्या, आत लोखंडी मांडणीवर ओळीनं ठेवलेली यंत्रं, आणि त्या सगळ्यावर ज्वारीच्या पिठाची पांढरी साय. त्याच खोलीत पडदा लावून अर्ध्या भागात चंदूनं गावाचा स्वतःचा चॅनल काढला होता. त्याचा निवेदक, बातमीदार, आणि पडद्याच्या तळाशी पळणाऱ्या जाहिरातींच्या पट्ट्या टाइप करणारा कारकून, असा सबकुछ मी होतो. ‘नमस्कार, रसिक प्रेक्षकहो’ असं मी छातीतून म्हणायचो. वाढदिवस, दशक्रिया, बैल हरवल्याची सूचना, सगळं एकाच सुरात. पलीकडं कुणी जाडंभरडं दळायला आणलं की जातं घरघरायचं, खोली हादरायची आणि पडद्यावर मी थरथरायचो. लोकांना वाटायचं, मी भावनाप्रधान आहे.

या चॅनलचा नंबर होता पाच. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण सगळं राजकारण त्या नंबरात होतं. गावातल्या बहुतेक घरांत तेव्हा काळा-पांढरा टीव्ही होता, बारा बटणांचा. बारा बटणं, बारा चॅनल, खेळ खलास. तारेतून त्यापुढचे तीस-पस्तीस चॅनल वाहत यायचे, पण ते पकडायला रिमोटवाला रंगीत टीव्ही लागायचा. म्हणजे तार सगळ्यांच्या दारात तीच, पण तिच्यातलं किती कुणाच्या पदरात पडणार ते पेटीवर अवलंबून. आणि पहिल्या बारांत कुणाला बसवायचं आणि कुणाला पार मागं ढकलायचं, ते चंदूच्या स्क्रू-ड्रायव्हरवर.

पाच नंबरवर संध्याकाळी साडेसहाला गणिताचा तास लागायचा. साळवे बाईंचा. बाई हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या, रोज शिरूरहून एसटीनं यायच्या आणि रविवारी एकदम आठवड्याचे तास आमच्याकडं येऊन चित्रित करून द्यायच्या. फुकट. हिरव्या कापडाचा फळा, पांढरी कडक साडी, आणि बोलणं असं की माझ्यासारख्या तीनदा गणितात आपटलेल्या माणसालासुद्धा वाटावं, अरे, हे आपल्याला कुणी आधी का नाही सांगितलं. त्या ‘क्षची किंमत काढा’ म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, “क्ष अडकलाय बघा. भोवतीची गर्दी एकेक करून पलीकडं पाठवा. त्याला मोकळं करा.” मी कॅमेऱ्यामागं उभा राहून मान डोलवायचो. चंदू तर एकदा मला म्हणाला की बाईंचं ऐकून त्याला स्वतःच्या साडूबद्दल काहीतरी उमगलं.

त्या तासाची सगळ्यात निष्ठावान विद्यार्थिनी पस्तिशीची होती. मंगलताई. बौद्धवस्तीतल्या अंगणवाडीत मदतनीस. पोरांना घरून आणायचं, सुकडी शिजवायची, झाडून काढायचं. सेविका बाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. मंगलताई दहावी पास असती तर ती जागा तिची होती, नसली तर बाहेरची कुणी येणार आणि ही जन्मभर तिच्या हाताखाली झाडू मारणार. फॉर्म सतरा भरून तिनं बाकीचे सगळे विषय काढले होते. उरलं होतं गणित, आणि त्यातही बीजगणित. भूमिती तिला जमायची. ती म्हणायची, रांगोळीनंच शिकवली. पण बीजगणित तिच्या घरात कुणाला येत नव्हतं, क्लासला जायला वेळ नव्हता. तिच्याकडं होता बारा बटणांचा टीव्ही, आणि त्याच्या पाचव्या बटणावर साळवे बाई.

अंगणवाडीच्या फळ्यावर मी तिची समीकरणं पाहिली आहेत. वर पोरांसाठी कमळ आणि खटारा काढलेला, खाली हिची दोन चलांची गणितं. केसांत पेन्सिल खोचलेली, एका हातानं सुकडी हलवतेय, तोंडानं पुटपुटतेय, “पलीकडं गेलं की चिन्ह बदलतं. पलीकडं गेलं की चिन्ह बदलतं.” मी म्हणालो, ताई, हे पुढाऱ्यांचं सांगताय का? ती हसली आणि सुकडी करपली. भाजलेल्या गव्हाचा तो कडवट गोड वास अजून कुठं आला की मला वर्गसमीकरण आठवतं. दुसऱ्या कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.

आता पक्षाकडं येऊ. किती वेळ टाळणार?

पक्षाचे आमच्याकडचे सर्वेसर्वा तात्यासाहेब. उंच, देखणे, आवाज गोड, कपडे दुधासारखे. त्यांचा एकच दुर्गुण होता, त्यांना मतं होती. सकाळी एक, दुपारी एक. त्या वर्षी निवडणूक एप्रिलात होती आणि परीक्षेपायी भोंग्यांना बंदी. म्हणजे ऐन हंगामात तात्यासाहेबांचा आवाज बंद. जेवण बंद झालं असतं तर त्यांनी सोसलं असतं.

त्याच सुमारास दौंडला पक्षाचा कार्यकर्ता मेळावा झाला. शहरातली एक बडी केबल कंपनी खेड्यातल्या तारा गिळत निघालीय, अशी आवई होती. ती आली की स्वतःचे चॅनल पुढं लावणार आणि गावच्या चॅनलला मागं फेकणार. याविरुद्ध पक्षानं ठराव करायचा ठरवला. ठराव लिहायला माणूस कोण? मी. जीपमध्ये तात्यासाहेब आणि चंदू यांच्यामध्ये चेपून बसलो होतो. न्हावऱ्याच्या पुढच्या खड्ड्यांतून मी मांडीवर वही ठेवून लिहिलं : ‘तार जनतेची आहे. तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक चित्राला समान वागणूक मिळाली पाहिजे. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही.’ तात्यासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खड्डा मोठा होता, हेही खरं.

दौंडला स्टेशनजवळच्या मंगल कार्यालयात मी तो ठराव वाचला. काय वाचला! मध्येच इंजिनाची शिटी झाली तर मी थांबलो, ती संपू दिली, आणि ‘कुणी मागे नाही’ हे शब्द तिच्या शेपटावर नेऊन ठेवले. टाळ्यांनी पंखे हलले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. आयुष्यभर रेल्वेत सिग्नलवर काढलेला माणूस. म्हणाले, एक शंका हाय.

“तार समद्यांला एकच म्हणता, खरं हाय. आमच्या दौंडात रूळ बी एकच हाय. त्याच रुळावर मेल येती, त्याच रुळावर मालगाडी. पण मेल यायची झाली की मालगाडीला बाजूच्या लायनीत घालून दोन-दोन तास उभी करत्यात. तवा रूळ कुणाचा ते इचारू नका. सिग्नलचा दांडा कुणाच्या हातात हाय ते ठरावात लिव्हा.”

तात्यासाहेबांनी क्षणाचाही विलंब न लावता आप्पांना व्यासपीठावर बोलावलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि ज्येष्ठांच्या अनुभवाचा गौरव म्हणून टाळ्यांच्या गजरात त्यांना खाली बसवलं. शंका असलेल्या माणसाला गप्प करायची याहून सभ्य रीत मी पुढं कधी पाहिली नाही. शाल खरं तर प्रमुख पाहुण्यांची होती. त्यांना नुसत्या गुच्छावर जावं लागलं आणि ते गाडीत बसेपर्यंत गुच्छाकडं संशयानं पाहत होते. ठराव एकमतानं मंजूर झाला. आप्पांचं वाक्य काही त्यात गेलं नाही. लिहिणारा मी होतो, त्यामुळं ते का गेलं नाही हे मला विचारू नका.

परतताना जीप यवतकडं वळवली. तळेगावला जायला यवत वाटेवर नाही, पण तिथल्या एका ढाब्याचं मटण तात्यासाहेबांच्या नेहमी वाटेवर असायचं. दुपारचे तीन वाजलेले, बाहेर ट्रकांची रांग, आत रस्सा. समानतेच्या ठरावाला तीन तास होत होते, आणि तात्यासाहेब नळी तोंडात धरून चंदूला म्हणाले, भोंगे बंद हायेत, तर उद्यापासनं साडेसहाला पाच नंबरवर आपलं मार्गदर्शन लावायचं, तासभर. चंदू म्हणाला, साडेसहाला बाईंचं गणित असतं. मग गणित दुसऱ्या नंबरवर टाक, तात्यासाहेब म्हणाले, नंबर काय थोडे हायेत? चंदूनं माझ्याकडं पाहिलं. त्याची तार ग्रामपंचायतीच्या खांबांवरून जात होती. मी रश्शाकडं पाहिलं. रस्सा उत्तम होता, हेच त्यातलं वाईट.

दुसऱ्या दिवशी साळवे बाई त्रेचाळीस नंबरवर गेल्या.

आणि पाच नंबरवर तात्यासाहेब आले. विषय : ‘पक्ष आणि तारेवरची समानता.’ मी शपथेवर सांगतो, विषय हाच होता. गिरणी चालू होती, तात्यासाहेब थरथरत होते, आणि थरथरत सांगत होते की कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. तळाच्या पट्टीवर मी टाइप केलं होतं : ‘गणिताचा तास आता त्रेचाळीसवर. विद्यार्थ्यांनी लाभ घ्यावा.’ लाभ! बारा बटणांच्या टीव्हीवर! ती पट्टी मी हसत हसत टाइप केली नव्हती, आणि रडतही नाही. कशीही केली नव्हती. तेच जास्त लाजिरवाणं आहे.

मंगलताईनं त्या संध्याकाळी टीव्हीची सगळी बटणं दाबून पाहिली. बटणांमागची बारीक चाकं फिरवून पाहिली. त्या पेटीची नजरच त्रेचाळीसपर्यंत पोचत नव्हती. परीक्षेला पंधरा-सोळा दिवस उरले होते. सकाळी ती गिरणीमागं आली. चंदूनं हात वर केले. म्हणाला, तात्यासाहेबांना भेटा. ती रागावली नाही. पदराला हात पुसले आणि निघाली. वाटेत बाई भेटल्या, त्याही निघाल्या. मीही गेलो. धीर म्हणून नव्हे. तमाशा असेल तिथं मी जातोच, हा माझा स्वभाव.

तात्यासाहेबांनी मोठ्या प्रेमानं स्वागत केलं. दिवाणखान्यात गालिचा, आणि कोपऱ्यात देव्हाऱ्यासारखा मांडलेला एकोणतीस इंची रंगीत टीव्ही. मंगलताईनं सगळं नीट सांगितलं. तात्यासाहेबांना ते खरंच कळलं नाही. इथं मी त्यांच्यावर अन्याय करणार नाही. कावेबाज माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. तात्यासाहेब मनापासून निर्बुद्ध होते. त्यांनी चंदूला फोन करून कालचा तास पुन्हा लावायला सांगितला, रिमोट उचलला, चार दाबलं, तीन दाबलं, आणि समोर साळवे बाई लख्ख उभ्या. साडीची पिनसुद्धा दिसत होती.

“दिसतंय की झकास,” तात्यासाहेब म्हणाले. “बघा बाई, तुमीच बघा. तार समान म्हंजी समान. आता तुमच्या घरी दिसत न्हाई तर पक्षानं टीव्ही बी पुरवायचा का?”

बाजूचे दोघे कार्यकर्ते हसले. साळवे बाई काही बोलणार तोच मंगलताईनं त्यांच्या हाताला हात लावला. ती टीव्हीकडं पाहत होती.

“खरंच झकास दिसतंय, तात्यासाहेब,” ती म्हणाली. “मग आमी हितंच येत जाऊ रोज. साडेसहाला.”

निवडणूक तोंडावर. दारात चार माणसं उभी. पक्ष पुरोगामी. तात्यासाहेबांचं हसू जागच्या जागी थिजलं, पण तोंड सवयीनं बोलून गेलं, “या की. घर तुमचंच हाय.”

ती एकटी आली नाही. बौद्धवस्तीतली दहावीची दहा पोरं-पोरी घेऊन आली. दारात चपलांची रांग, गालिच्यावर वह्यांची. साडेसहाला त्रेचाळीस दाबलं आणि तास सुरू झाला. तात्यासाहेबांच्या काकूंनी चहा पाठवला. चहा आला प्लास्टिकच्या कपांतून. पन्नास कपांची नवी कोरी चळत, त्या दुपारीच बाजारातून आणलेली. कशाला धुवायचा त्रास, काकू म्हणाल्या. आतल्या फडताळात चिनी मातीच्या कपबशा काचेतून दिसत होत्या. मला मात्र बशीतून आला. मंगलताईनं ते पाहिलं आणि सांगितलं की परीक्षा होईस्तोवर तिनं चहा सोडलाय. मग पहिल्या पोरीनं सोडला, मग दुसऱ्या पोरानं, अशा दहाच्या दहा जणांनी पाच मिनिटांत चहा सोडला. कप गार होत राहिले. बशी माझ्या हातात होती. मी चहा संपवला. सगळं सांगायचं तर हेही सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी वीस जण. कुंभारआळीतले आले, मळ्यातले आले. बारा बटणं कुठं एकाच वस्तीत होती? चौथ्या दिवशी गालिचा दिसेनासा झाला. आणि तोवर एक अशी गोष्ट उघडकीला आली जिचा पक्षाच्या एकाही विचारवंतानं विचार केला नव्हता. साडेसहाला पाच नंबरवर तात्यासाहेबांचं मार्गदर्शन लागायचं आणि त्याच वेळी तात्यासाहेबांच्या टीव्हीवर बीजगणित. अख्ख्या गावात ज्या घरात तात्यासाहेब दिसत नव्हते असं ते एकच घर होतं. पहिले दोन दिवस त्यांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी ते चौकातल्या पानपट्टीवर उभे दिसले, तिथल्या चौदा इंची काळ्या-पांढऱ्या टीव्हीसमोर, मान वाकडी करून स्वतःचं भाषण ऐकत. पानवाल्यानं त्यांना ओळखलं नाही असं नाही. पण गिऱ्हाइकानं मॅच लावायला सांगितली आणि त्यानं बटण दाबलं.

समानतेचं तत्त्व माणसाला पुस्तकातून कळत नाही. असं कुठंतरी कळतं, पानपट्टीवर, मान वाकडी करून. शनिवारी चंदूला निरोप आला : गणित पाच नंबरवर घ्या, मार्गदर्शन आठ वाजता. वर आणखी एक ओळ. तासाच्या आधी निवेदकानं म्हणावं, ‘सौजन्य : तात्यासाहेब.’ ते मी छातीतून म्हटलं. साळवे बाईंनी हरकत घेतली नाही. म्हणाल्या, म्हणू द्या, तेवढ्यात पोरं वह्या उघडतात.

त्या मार्चातलं मला बाकी तुटक तुटकच आठवतं. परीक्षेच्या सकाळी शाळेच्या फाटकात चुन्याची ताजी रेघ. फाटकाबाहेर मंगलताईचा नवरा सायकल धरून उभा, मुलांना सोडायला आलेल्या आयांच्या घोळक्यात एकटाच बायकोला सोडायला आलेला. ती आत जाताना पोरांसारखीच मागं वळून पाहत होती. पेपर सुटल्यावर ती बाहेर आली आणि सरळ अंगणवाडीत गेली, कारण सुकडीची वेळ झाली होती.

जूनमध्ये निकाल लागला. मंगलताई पास झाली. काठावर नव्हे, काठापासून चांगली चार पावलं आत. पुढं जुलैत ऑर्डरही आली आणि आज इतकी वर्षं ती त्या अंगणवाडीची सेविका आहे. पण निकाल आणि ऑर्डर यांच्यामध्ये जे तीन-चार आठवडे होते त्यांत एक गोष्ट घडली. पक्ष म्हटला की मला भाषणं आठवत नाहीत, ठराव आठवत नाही, तीच आठवते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांकडून पट्टीचा मजकूर आला. त्यांचा फोटोही आला, हात जोडलेला. मी टाइप केलं : ‘पक्षाच्या समान तार धोरणामुळे दहावी उत्तीर्ण झालेल्या अंगणवाडी मदतनीस मंगलताई यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : तात्यासाहेब.’ सकाळपासून पाच नंबरवर ते फिरू लागलं. अकराच्या सुमारास मंगलताई गिरणीमागच्या खोलीत आली. कामावरूनच आली होती. बोटांना पीठ होतं, पण ते आमच्या गिरणीचं नव्हतं.

“दिलीपभाऊ, त्यातनं माझं नाव काढा.”

मी म्हणालो, ताई, मजकूर वरून आलाय. चंदू मध्ये पडला. काळजीनंच पडला. म्हणाला, “अहो, मान हाय हा. आन् तुमची ऑर्डर अजून यायचीय. कमिटीत कोण बसतंय ते ठाऊक हाय ना?”

“ठाऊक हाय. म्हणूनच आत्ता आले. ऑर्डर आल्यावर कुणी बी येईल.” मग ती माझ्याकडं वळली. “भाऊ, पास मी झाले. पक्ष न्हाई झाला.”

ती जाईना. मी यंत्रासमोर बसलो. तिचं नाव एकेक अक्षरानं मागं मागं पुसत गेलो. शेवटचं अक्षर जाईपर्यंत ती पडद्याकडं पाहत उभी राहिली, मग वळली आणि निघून गेली. बाकीच्या मजकुराला हात लावायचा मला धीर झाला नाही. लावावासाही वाटला नाही, कारण तो आता पहिल्यांदाच वाचण्यासारखा झाला होता. ‘पक्षाच्या समान तार धोरणामुळे दहावी उत्तीर्ण झालेल्या’, मग लांबलचक मोकळी जागा, मग ‘यांचे हार्दिक अभिनंदन.’

ती पट्टी पाच नंबरवर फिरत राहिली. बारा बटणांच्या प्रत्येक टीव्हीवर आणि एकोणतीस इंचीवरही. चंदूची पाचावर धारण बसली होती. मी यंत्रातल्या बिघाडाचं एक सुंदर भाषण पाठ करून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. चंदूनं तो हात लांब करून माझ्याकडं दिला.

“दिलीप,” तात्यासाहेब म्हणाले, “तीन दिस पट्टी बघतोय तुझी. बेस्ट झालीय. फक्त माझा फोटो जरा मोठा घे.”

जागा होतीच. मी घेतला.